ताटातला भात कुठून आला?

दहावीची परीक्षा संपल्यावर माझी पुतणी महिनाभर आमच्याकडे राहायला होती. ती ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट आणि मालिका, मनापासून पाहणारी. 'काका, तुम्ही एवढे चित्रपट बघता आणि यातलं काहीच बघितलं नाही?' असे तिने विचारले, तेव्हा मी थोडा ओशाळलो. हायाओ मियाझाकींचे एकदोन चित्रपट मी पूर्वी पाहिले होते. पण मुलांसाठी केलेले देखणे काम, एवढ्यावर विषय संपवला होता. त्या महिन्यात आणि पुढच्या पावसाळ्यात बरेच काही पाहून झाले. त्यातल्या चार चित्रपटांविषयी आणि एका मालिकेविषयी इथे लिहीत आहे. चारही चित्रपट दुसऱ्या महायुद्धाशी जोडलेले आहेत. ते एका सूत्रात ओवण्याचे श्रेय पुतणीच्या एका प्रश्नाला आहे.

आम्ही 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) पाहत होतो. चित्रपट संपला. ती रडली होती. मीही रडलो होतो, फक्त दिवा लावायला उशीर केला. थोड्या वेळाने ती म्हणाली, 'पण काका, त्यांचे बाबा आरमारात होते ना? ते कुणाशी लढत होते?'

चित्रपटात याचे उत्तर नाही. ते का नाही आणि नसल्याने काय बिघडते, याचा शोध म्हणजे हा लेख.

भुकेचा हिशेब

अकियुकी नोसाका यांची मूळ कथा १९६७ची. युद्धकाळात त्यांची धाकटी बहीण उपासमारीने गेली. त्या अपराधीपणातून ती लिहिली गेली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी स्वतः वयाच्या नवव्या वर्षी ओकायामा शहरावरचा हवाई हल्ला अनुभवला होता. म्हणजे ही ऐकीव आपत्ती नव्हे. चौदा वर्षांचा सेइता आणि चार वर्षांची सेत्सुको ही भावंडे कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात आई गमावतात, दूरच्या नात्यातल्या एका बाईकडे राहतात, तिथे अपमान होऊ लागल्यावर तळ्याकाठच्या एका खंदकात बिऱ्हाड थाटतात आणि तिथेच सेत्सुको उपासमारीने मरते.

या चित्रपटाला सर्रास 'युद्धविरोधी' म्हटले जाते. ताकाहातांनी मात्र हे विशेषण वारंवार नाकारले. दुसऱ्यांदा पाहताना मला त्यांचे म्हणणे पटले. चित्रपटाचे खरे लक्ष भाताच्या वाटणीवर आहे. आईचे किमोनो विकून आलेला तांदूळ कोणाच्या वाट्याला किती जातो, भांड्याच्या तळाचा घट्ट भाग कोणाला आणि वरचे पाणी कोणाला, हे तो इतक्या बारकाईने दाखवतो की ती बाई खलनायिका आहे की फक्त हिशेबी आहे, हे ठरवता येत नाही. देशासाठी राबणाऱ्याला भात, रिकाम्या बसणाऱ्याला पेज, हा तिचा न्याय. सेइताला तो सोसत नाही. बाईपुढे वाकण्यापेक्षा तो घर सोडतो. आरमारी अधिकाऱ्याच्या मुलाचा हा ताठा सेत्सुकोच्या मृत्यूला थोडासा का होईना कारणीभूत आहे, आणि ताकाहाता ते लपवत नाहीत. मला या चित्रपटाचे मोठेपण इथे दिसते. अश्रू काढणारा चित्रपट करणे त्या मानाने सोपे असते.

पण पुतणीचा प्रश्न उरतोच. वडील ज्या 'माया' युद्धनौकेवर आहेत, ती ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपिन्सजवळ बुडाली. जपानी आरमार तिथे काय करत होते, हे विचारायला चित्रपटात कोणी नाही. मुलांच्या उंचीवरून दिसते तेवढेच जग दाखवायचे, ही कलात्मक शिस्त मान्य. पण त्या शिस्तीचा परिणाम असा होतो की युद्ध पावसासारखे आभाळातून पडते. पावसाला कोणी जबाबदार नसते.

विमान आणि केक

मियाझाकींचा जन्म १९४१चा. त्यांच्या कुटुंबाचा कारखाना झीरो या लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवत असे. त्यामुळे वडिलांचे काय, हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. 'द विंड रायझेस'मध्ये (२०१३) झीरोचा रचनाकार जिरो होरिकोशी हा नायक आहे आणि त्याला ताटातल्या माशाच्या काट्याच्या वळणात विमानाचा पंख दिसतो. सुंदर वस्तू घडवण्याची ओढ आणि त्या वस्तूचा उपयोग यांतली फट हा चित्रपटाचा विषय आहे.

एका रात्री जिरो कामावरून परतताना, आईवडिलांची वाट पाहत रस्त्यावर उभ्या असलेल्या भुकेल्या मुलांना केक देऊ करतो. मुले तो न घेता पळून जातात. ही हकिगत ऐकून त्याचा मित्र होंजो त्याला ढोंगी म्हणतो आणि पुढे हिशेबच मांडतो: एका विमानाच्या सुट्या भागांवर जो खर्च होतो, त्यात अशा मुलीच्या घरची महिनाभराची चूल पेटेल. देश गरीब आहे आणि विमाने महाग आहेत. विमानाची किंमत भुकेत मोजणारा याहून थेट प्रसंग मला या चारही चित्रपटांत दिसला नाही.

असे असूनही 'द विंड रायझेस' मला अपुरा वाटतो. होंजोचा हिशेब जपानी मुलांपुरता आहे. झीरोची पहिली हवाई लढत सप्टेंबर १९४०मध्ये चीनच्या चुंगकिंग शहरावर झाली. त्या शहराच्या रस्त्यावर चित्रपट उतरत नाही. डोंगरातल्या हॉटेलात एक परदेशी पाहुणा चीनमधले युद्ध, मांचुरिया, अशी एकेक गोष्ट मोजत जातो आणि हे सगळे विसरायला ही जागा चांगली आहे, असे सुचवतो. मियाझाकींना सगळे ठाऊक आहे, हे या एका प्रसंगातून कळते. ठाऊक असूनही नायकाला ते हॉटेलातच ठेवतात. शेवटी जिरो मोडक्या विमानांच्या ढिगातून चालतो. ती परत आली नाहीत, याचे त्याला दुःख आहे. ती कुठे गेली होती, हा विचार त्याच्या मनात येत नाही.

दहा वर्षांनी आलेला 'द बॉय अँड द हेरॉन' (२०२३) मला यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटला. कथा पुढे अद्भुताच्या जंगलात इतकी शिरते की माझी एकदोनदा वाट चुकली, पण पहिला तास पक्का आहे. माहितोचे वडील विमानांच्या कारखान्याचे मालक. युद्ध त्यांच्यासाठी भरभराटीचा काळ आहे. मुलाच्या सामानातून साखर आणि डबाबंद खाणे निघते, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणी त्याभोवती गोळा होतात. त्या दृश्याला हसू येते आणि मग त्या हसण्याची लाज वाटते. मुलगा दगडाने स्वतःचे डोके फोडून घेतो, पडलो म्हणून सांगतो आणि शेवटी कबूल करतो की ही खूण माझ्यातल्या दुष्टपणाची आहे. एका सुखवस्तू घरातल्या मुलाच्या तोंडी ही कबुली येणे, ही मला मियाझाकींनी स्वतःच्या घराविषयी उशिरा दिलेली साक्ष वाटते.

कुरे गावातला पांढरा भात

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेला आणि सर्वांत अस्वस्थ करणारा चित्रपट म्हणजे सुनाओ काताबुचींचा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (२०१६). मूळ मांगा, म्हणजे चित्रकादंबरी, फुमियो कोनो यांची. चित्रपटासाठी सुरुवातीचे पैसे जमवताना तीन हजारांहून अधिक सामान्य लोकांनी वर्गणी दिली होती.

हिरोशिमाची सुझू १९४४मध्ये लग्न होऊन कुरे या आरमारी बंदराच्या गावी येते. सासरे आरमाराच्या विमान कारखान्यात, नवरा आरमाराच्या लष्करी न्यायालयात कारकून. घराची चूल आरमारावर चालते. शिधा कमी होत जातो तशी सुझू रानातल्या भाज्या तोडून आणते, तांदूळ भिजवून फुगवते, मुंग्यांपासून साखर वाचवायला जाते आणि ती पाण्यातच विरघळवून बसते. टंचाईतल्या संसाराची ही गंमत पाहताना मला माझी आजी आठवत राहिली. मुंबईत १९४३मध्ये रेशनिंग सुरू झाले, तेव्हा ती नवी सून होती. निवडलेल्या तांदळातले खडे मोजायचे की तांदूळ, असे ती म्हणत असे.

मग बॉम्बने सुझूची लहानगी भाची जाते आणि तिच्याबरोबर सुझूचा उजवा हात. १५ ऑगस्ट १९४५ रोजी सम्राटाचे शरणागतीचे भाषण रेडिओवर ऐकून ही मवाळ बाई संतापाने बाहेर धावते. गावात कुठेतरी कोरियाचा झेंडा फडकताना दिसतो. शेतात कोसळून ती रडते.

इथे पुतणी म्हणाली, 'काका, मांगामध्ये ती हे बोलत नाही.' इंग्रजी अनुवाद काढून तिने पान दाखवले. मांगातल्या सुझूला कळते की आपला देश इतरांना हिंसेने दाबत होता, म्हणून आज हिंसेपुढे झुकतो आहे. चित्रपटातली सुझू म्हणते की समुद्रापलीकडून आलेल्या तांदळावर आणि सोयाबीनवर आपण पोसलो, म्हणून आपल्याला हिंसेपुढे झुकावे लागते.

काताबुचींनी वाक्य सौम्य केले, असा आक्षेप यावर घेता येतो. पहिल्यांदा मलाही तसेच वाटले. दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत थोडे बदलले. हिंसा सैनिकांच्या खात्यावर टाकून मोकळे होता येते. भात मात्र सुझूने स्वतः शिजवलेला आणि वाढलेला आहे. तो तिच्या अंगात आहे. चुलीपाशी बसणाऱ्या बाईला साम्राज्य दिसायचे तर ते तांदळातूनच दिसणार. त्याच रात्री सासू जपून ठेवलेला पांढरा तांदूळ काढते, दिव्यांवरची काळी कापडे निघतात आणि घर पोटभर जेवते. नुकतेच ऐकलेले ते वाक्य मनात ठेवून हे जेवण पाहिले, की घास अडकतो.

तरीही आक्षेप पूर्णपणे मिटत नाही. मला तो एका क्रियापदाचा वाटतो. तांदूळ समुद्रापलीकडून 'आला'. तांदूळ येत नसतो, कोणीतरी तो आणतो. जपानने कोरियात १९२०पासून तांदळाचे उत्पादन वाढवण्याची योजना राबवली आणि वाढलेला तांदूळ जपानला नेला. कोरियन माणसाच्या वाट्याचा तांदूळ कमी झाला आणि त्याच्या ताटात मांचुरियाहून आलेली भरडधान्ये पडली. १९४५च्या वसंतात, सेत्सुको आजारी पडण्याच्या थोडेच आधी, जपानी ताब्यातल्या व्हिएतनाममध्ये लाखो माणसे उपासमारीने मरत होती. सक्तीची तांदूळवसुली हे त्याचे एक मोठे कारण होते. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिथला तांदूळ बंगालला यायचा थांबला. पुढच्या वर्षीच्या बंगालच्या दुष्काळाला ब्रिटिशांची धोरणे आणि साठेबाजी अधिक जबाबदार होती, पण त्या साखळीतली ही एक कडी होतीच. त्या दुष्काळातल्या मृतांचा अंदाज वीस ते तीस लाखांचा आहे. कोबे, कुरे आणि कोलकाता यांच्या भुका एकाच जाळ्यात होत्या. झेंडा क्षणभर दिसतो. त्या झेंड्याखालच्या माणसाचे ताट दिसत नाही.

दूरच्या देशातला अपराध

मग ॲनिमेला अपराधाविषयी बोलताच येत नाही का? येते, आणि फार चांगले येते. माकोतो युकिमुरांच्या मांगावर आधारलेल्या 'व्हिनलँड सागा' या मालिकेचा दुसरा भाग (२०२३, २४ भाग) त्याचा पुरावा आहे. अकराव्या शतकातला डेन्मार्क. लहानपणापासून माणसे मारत आलेला थोरफिन गुलाम होऊन एका शेतावर येतो. जंगल तोडतो, मुळे उपटतो, गहू पेरतो. रात्री स्वप्नात त्याने मारलेली माणसे त्याला खेचतात. ज्यांची शेते जाळून आपण खाल्ले, त्यांच्यासारखाच आपण आज राबतो आहोत, हे हळूहळू त्याच्या ध्यानात येते. मारामारीच्या ओढीने पहिला भाग पाहिलेल्यांना हा भाग संथ वाटू शकतो, पुतणीला वाटलाच. मला मात्र तो संपूर्ण मालिकेचे सार्थक वाटला. खाणारा आणि पिकवणारा यांना इथे समोरासमोर उभे केले आहे.

पण ते उभे राहतात हजार वर्षांपूर्वीच्या युरोपात. हाच प्रश्न १९४५च्या जपानी घरात शिरतो, तेव्हा कॅमेरा उंबरठ्यापाशी थांबतो. यात जपानी लोकांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. बंगालच्या त्या दुष्काळात आपलेच साठेबाज श्रीमंत झाले. त्यांच्या घरातल्या मुलाची कबुली ऐकवणारे किती चित्रपट आपण केले, हे आठवून पाहावे. स्वतःच्या घरचा सोसलेपणा सांगायला जेवढे धैर्य लागते, त्याहून जास्त ते स्वतःच्या घरची भरभराट सांगायला लागते.

ज्यांना हे चित्रपट पाहायचे असतील, त्यांना एक क्रम सुचवतो. आधी 'द विंड रायझेस' पाहावा, मग 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (अगदी लहान मुलांना घेऊन नको), मग 'द बॉय अँड द हेरॉन' आणि शेवटी 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'. विमान बनवणाऱ्यापासून बॉम्ब झेलणाऱ्यापर्यंत आणि तिथून ताटापर्यंत असा हा प्रवास होतो.

पुतणी घरी जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्या शेवटच्या चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहिला. हिरोशिमात एक अनाथ पोर सुझूच्या हातून पडलेला भाताचा गोळा उचलून तिला परत द्यायला येते. सुझू तो तिलाच खाऊ घालते आणि तिला घरी नेते. मी म्हणालो, 'हा बघ, भात पहिल्यांदा योग्य ताटात गेला.'

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'हो. पण काका, तो कुठून आला होता, ते अजून राहिलंच.'