पहिलीचा वर्ग आणि लिंबूटिंबू

मलकापुरात उभं राहून शिक्षणावर बोलायचं, तर कराड तालुक्यातल्याच काले गावाचं नाव आधी घ्यायला हवं. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था तिथं सुरू केली. त्या परंपरेचं कौतुक आपण सगळे करतोच. आज कौतुक थोडं बाजूला ठेवू आणि एका लहानशा गोष्टीची चिकित्सा करू. इयत्ता पहिलीच्या वर्गात 'खेळ' या नावाखाली जे चालतं, तो खेळ असतो का?

तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात का पडावं, असं कुणी विचारेल. पडावं, कारण 'हसत-खेळत शिक्षण' हा शब्दप्रयोग असा आहे की त्याला कुणीच नाही म्हणत नाही. मंत्री म्हणतात, खाजगी शाळेचं फ्लेक्स म्हणतं, बालवाडीच्या ताई म्हणतात. ज्याला कुणीच विरोध करत नाही, त्या शब्दाकडं नीट बघायचं काम कुणाचंच राहत नाही. ते आम्ही करू.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेतो. कोरोनात दोन वर्षं शाळा बंद होत्या. त्यानंतर २०२२ पासून आपल्या राज्यात 'पहिले पाऊल' या नावानं शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले. दाखलपात्र मुलांची गावातून वाजतगाजत फेरी काढायची, शाळेत फुलं देऊन स्वागत करायचं आणि मग सात टेबलं. एकावर नावनोंदणी. पुढं शारीरिक विकास: उडी मार, चेंडू फेक. मग बौद्धिक विकास: मणी रंगाप्रमाणं वेगळे कर. मग सामाजिक आणि भावनिक, मग भाषा, मग गणनपूर्व तयारी, शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल टेबलाटेबलानं पुढं सरकतं आणि त्याच्या कार्डावर नोंद होत जाते.

या मेळाव्याचं चांगलं काय ते आधी सांगतो. आयांना त्यात घेतलं, हे फार मोठं काम झालं. घरातल्या डाळीच्या दाण्यांवर मोजणी होते, बाजारात जाताना भाषा शिकवता येते, हे आयांच्या गटांना पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून सांगितलं. ज्या घरात पहिलीच पिढी शाळेत जाते, तिथं याची किंमत मोठी आहे.

पण त्या मण्यांच्या टेबलापाशी थांबा. समोर एक पोर आहे. तिला मणी दिसतात, आणि मणी मांडणाऱ्या बाईंच्या हातातलं पेनही दिसतं. पोरं बावळट नसतात वो! पेन दिसलं की ती ओळखते, की इथं काहीतरी बरोबर आहे आणि काहीतरी चूक. मग ती मण्यांकडं बघायचं सोडून बाईंच्या तोंडाकडं बघते. तिला लाल मणी वेगळे काढायचे नसतात, तिला माळ करायची असते. माळेसाठी कार्डावर रकाना नाही.

हा दोष आजचा नाही. प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात सांगून ठेवलंय की मुलांना जबरदस्तीनं शिकवू नका, खेळातून शिकवा. हे वाक्य आपल्याकडच्या शिक्षणावरच्या भाषणांत हमखास येतं. त्याला लागून प्लेटो जे कारण देतो, ते मात्र सहसा येत नाही. खेळातून शिकवलं म्हणजे कोण कशाच्या लायकीचं आहे ते आपल्याला चांगलं दिसतं, असं तो म्हणतो. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच खेळाच्या शेजारी एक माणूस पेन घेऊन बसवलेला आहे.

आता खेळ म्हणजे काय? डच इतिहासकार हाउझिंगा यानं १९३८ च्या 'होमो लुडेन्स' या ग्रंथात पहिली अट घातली, की खेळ स्वेच्छेचा असतो. हुकमानं खेळलेला खेळ हा खेळ नव्हे. ऐकायला बरं वाटतं. पण मोठी बहीण धाकट्याला ओढत लगोरीला नेते आणि पाच मिनिटांत तो तिच्यापेक्षा जास्त ओरडत असतो, त्याचं काय करायचं? विटगेनश्टाइन म्हणेल, सगळ्या खेळांना लागू पडेल अशी एक व्याख्या शोधूच नका. खेळ एकमेकांसारखे असतात ते एका कुटुंबातली माणसं एकमेकांसारखी असतात तसे, कुणाचं नाक जुळतं, कुणाची चाल. जाता जाता सांगतो, हा विटगेनश्टाइन १९२० ते १९२६ ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षक होता. मुलांसाठी त्यानं शब्दकोश केला, आणि मुलांवर हातही उगारला. खेळाबद्दल खोल लिहिणाऱ्याचा वर्ग खेळीमेळीचा असतोच असं नाही.

तेव्हा व्याख्या सोडू. आपल्या अंगणात काय चालतं ते बघू. भाषणं न देता पोरांनी खेळाची एक पूर्ण राज्यघटना करून ठेवली आहे. राज्य कुणावर, ते चकून ठरतं. 'टाइम प्लीज' म्हणून बाहेर पडता येतं. भांडण झालं तर डाव मोडून नवा मांडता येतो. आणि या घटनेतलं आम्हांला सर्वांत थोर वाटणारं कलम म्हणजे लिंबूटिंबू. कुठं कच्चं लिंबू म्हणतात. धाकटं भावंड आलं, त्याला पळता येत नाही, नियम कळत नाहीत. त्याला घरी पाठवत नाहीत. त्याच्यासाठी वेगळा सोपा खेळही काढत नाहीत. त्याला त्याच खेळात घेतात, मात्र तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. तो सगळ्यांबरोबर पळतो, ओरडतो, बघत बघत शिकतो. एक दिवस त्याचं त्यालाच वाटतं, आता माझ्यावर राज्य आलं तरी चालेल. ही तयारी कुणी मोजत नाही. तो स्वतः जाहीर करतो.

पहिलीच्या वर्गाला लावायची आमची कसोटी हीच आहे. बाद न होता सामील होण्याची जागा तिथं आहे का? आणि 'टाइम प्लीज' म्हणता येतं का?

या कसोटीवर आपल्याच जिल्ह्यातलं एक गाजलेलं उदाहरण घासून बघू. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात आणला. मुलं जमिनीवर गटात बसली, शिक्षक खाली येऊन त्यांच्यात बसले, खडे, काड्या, मणी हाताशी आले. राज्यभरातून शिक्षक बघायला आले. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला आणि तो प्रकार सगळीकडं पसरला. पसरला म्हणजे काय झालं? अनेक ठिकाणी फरश्या रंगल्या. वर्गात, व्हरांड्यात, ओट्यावर तेलरंगात अक्षरचक्रं आणि संख्यांच्या चौकटी आल्या. मूळ वर्गात शिक्षक मुलाच्या चुकीपाशी थांबत होते, त्याला विचार करू देत होते. थांबण्याचा फोटो येत नाही, फरशीचा येतो. वर पाठवायला फोटोच लागतो. त्यामुळं फरशी गावोगाव पोचली आणि थांबणं मागं राहिलं. यात कुमठ्याच्या शिक्षकांचा दोष आम्ही मानत नाही. नक्कल करणाऱ्यानं सोपं तेवढं उचललं.

आता पालकांची बाजू. 'सर, नुसतं खेळून कसं भागायचं? पोराला वाचता आलं पायजे.' या बोलण्याला आमच्यासारखी माणसं पटकन मागासलेपणा म्हणून मोकळी होतात. ते चूक आहे. शिकलेल्या घरातलं मूल वर्गात दिवसभर खेळलं तरी संध्याकाळी घरी वाचायला शिकतं. ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्याला अक्षर मिळण्याची एकच जागा आहे, आणि ती वर्ग आहे. काना, मात्रा, वेलांटी पक्की व्हायला सराव लागतो. लागतोच. मग त्याला सराव म्हणा ना! मॉन्टेसरीबाई मुलांच्या कृतीला काम म्हणत, हे आपण विसरलो. लहान मुलाला काम आवडतं, खरं असेल तर. घंटा वाजवणं, खडू वाटणं. आपलं मलकापूर चोवीस तास पाण्यासाठी आणि घरोघरच्या मीटरसाठी नावाजलेलं. इथल्या पहिलीच्या पोराला एक बादली आणि दोन मापं द्या, किती तांब्यांची बादली ते त्याला काढू द्या. वर्ग ओला होईल, एवढंच. कामाला खेळाचं सोंग चढवलं की मात्र मूल दोन्हीकडून फसतं. सराव नीट होत नाही आणि खेळावरचा विश्वास जातो.

बाईंची बाजूही बघा. एनसीईआरटीनं २०२१ मध्ये 'विद्या प्रवेश' हा पहिलीसाठीचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम दिला. रोज चार तास, खेळ आणि कृतींतून. कागदावर तो चांगला आहे, आम्ही तसं म्हणायला कचरत नाही. पण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे एका बाईंकडं पहिलीबरोबर दुसरीही असते. चार तास पहिलीशी खेळायचं, तर दुसरीनं तोवर काय करायचं? याचं उत्तर शेवटी बाईंनाच शोधावं लागतं.

आणि ते बारा आठवडे जूनमध्ये सुरू होतात. इथं आमचा खरा आक्षेप आहे. आपल्या भागात उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास लागतो. बीडकडून टोळ्या येतात, शिवारात कोप्या पडतात. मोठी भावंडं कधी गावाकडं हंगामी वसतिगृहात राहतात. सहा वर्षांचं पोर बहुधा आईबरोबरच येतं. ते नोव्हेंबरात आपल्या शाळेच्या दारात उभं राहतं. कायदा म्हणतो, त्याला घ्या. शाळा घेतेही. पण तोवर बारा आठवडे कधीच संपलेले असतात. गाणी सगळ्यांना पाठ, कोपरे ठरलेले, कार्डं भरलेली. ते मागच्या भिंतीला टेकून बसतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोळी उठली की जातं.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हेच कोडं वेगळ्या रूपात पाहिलं होतं. मुलं गुरं राखायला जायची, शाळेत यायची नाहीत. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेचं कौतुक आपण 'निसर्गाच्या सान्निध्यात' वगैरे म्हणून करतो, पण आम्हांला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कुरणात मूल उठून गुरांमागं जाऊ शकत होतं. त्याला धरून ठेवायला भिंत नव्हती. म्हणून जे मांडलं ते मुलाला बसावंसं वाटेल असंच असावं लागे.

मग नोव्हेंबरात काय करता येईल? आमची सूचना साधी आहे. कोपीवरचं पहिलं पोर वर्गात आलं, की दोन आठवडे वेळापत्रकातला एक तास मोकळा सोडा. मैदानावर, साहित्याविना चालेल. बाईंनी कडेला बसावं, पेन टेबलावर ठेवून. इथल्या पोरांना फक्त एवढं सांगा, की ही नवी आली आहे, हिला लिंबूटिंबू घ्या. बाकी त्यांना येतं. सागरगोटे कदाचित ती नवी पोरच इतरांना शिकवेल. या दोन आठवड्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची, असं केंद्रप्रमुख विचारतील. त्यांना म्हणावं, तेवढा रकाना कोरा राहू द्या.

मागं बसलेल्या बाईंचा हात मघापासून वर आहे. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.