उत्क्रांतिवाद आणि जातीची शिडी

'उत्क्रांती' हा शब्द आपण शाळेत पाठ करतो, परंतु त्याची फोड कोणी करून सांगत नाही. 'उत्' म्हणजे वर, 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. वर चढत जाणे हा अर्थ शब्दातच बसलेला आहे. डार्विनने १८५९ साली जो ग्रंथ लिहिला त्यात आकृती एकच आहे, आणि ती फांद्यांना फांद्या फुटत जाणाऱ्या रेषांची आहे. तीत कोणासाठी वरची पायरी राखून ठेवलेली नाही. जो जीव ज्या परिस्थितीत तगला तो तगला, एवढेच. या झाडाची शिडी झाली ती पुढे, आणि ती जीवशास्त्रापेक्षा समाजाच्या अभ्यासात अधिक झाली. माझे म्हणणे असे की, या शिडीने आपल्या देशात जातिव्यवस्थेला नवे शास्त्र पुरवले; आणि त्याहून गंभीर गोष्ट ही की, तीच शिडी उलटी करून वापरण्याचा मोह आपल्या चळवळीलाही सुटलेला नाही. मला लिहायचे आहे ते या मोहाविषयी. परंतु त्याआधी शिडी उभी कशी राहिली हे पाहिले पाहिजे.

'लायक असेल तोच टिकेल' हे सूत्र मुळात डार्विनचे नव्हे. ते हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली मांडले आणि डार्विनने नंतर स्वीकारले. माणसाच्या वंशावळीवर १८७१ साली लिहिताना डार्विनही रानटी आणि सुसंस्कृत अशी भाषा बोलतो; त्याला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचे आपल्याला काही कारण नाही. मॉर्गनने १८७७ साली मानवसमाजाच्या तीन अवस्था सांगितल्या: रानटी, अर्धरानटी, सुसंस्कृत. एंगल्सने १८८४ साली त्याच पायऱ्या उचलल्या, म्हणून आपल्या मार्क्सवादी मित्रांच्या लिखाणातही त्या अधूनमधून डोकावतात. गंमत अशी की, ही शिडी ज्याने ज्याने रचली त्याचा स्वतःचा समाज नेमका सर्वांत वरच्या पायरीवर निघाला.

हिंदुस्थानात ही शिडी फूटपट्टी घेऊन आली. हर्बर्ट रिस्ले हा बंगालमधला आय. सी. एस. अधिकारी. बंगालच्या जातिजमातींवरील त्याचे खंड १८९१ साली निघू लागले आणि १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. हा आकडा जितका मोठा तितकी जात खालची, असा नियमच त्याने सांगून टाकला. त्याच जनगणनेत जातींना सामाजिक प्रतिष्ठेच्या क्रमाने मांडण्याचा उद्योग झाला, आणि आपली पायरी वर सरकावी म्हणून जातीजातींचे अर्ज सरकारदरबारी पडू लागले. मनूने मुख, बाहू, मांडी आणि पाय या भाषेत जे सांगितले होते तेच आता नाकाच्या भाषेत सांगितले गेले. सांगणारा बदलला, क्रम बदलला नाही. अधिकाऱ्यांना जातींचा क्रम समजावून देणारे माहितगार प्रामुख्याने कोणत्या वर्गातले होते हे ध्यानात घेतले म्हणजे यात आश्चर्य वाटत नाही.

या विचाराला पहिले खणखणीत उत्तर कोलंबिया विद्यापीठातील एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यांनी जातीचे मूळ रंगात वा वंशात शोधले नाही, ते बेटीबंदीत शोधले. आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या चाली बेटीबंदी टिकवण्याची साधने आहेत हे दाखवले. त्यांनी बॅजटचा आधार घेतला आहे तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. बॅजटने नैसर्गिक निवडीचे तत्त्व राजकीय समाजाला लावण्याचा खटाटोप १८७२ साली केला होता. बाबासाहेबांनी त्याच्याकडून अनुकरणाचा मुद्दा तेवढा घेतला आणि निवडीचे तत्त्व तिथेच ठेवले. ब्राह्मणांनी स्वतःला आधी कोंडून घेतले, इतरांनी त्यांचे अनुकरण केले. यात निसर्गाचा हात कुठेही नाही.

दरम्यान आपल्याकडे 'सुप्रजाजनन' नावाचे खूळ शिकलेल्या मंडळींत रुजले होते. ना. सी. फडके यांनी १९२७ साली त्याची तरफदारी करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. जात म्हणजे रक्ताची शुद्धता राखणारी शास्त्रीय योजना, असा युक्तिवाद त्या काळात सनातन्यांच्या हाती आयताच पडला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. बेटीबंदीने रक्त शुद्ध राहते असे क्षणभर मानले, तरी रोटीबंदीने काय शुद्ध राहते? जेवणातून रक्त बिघडत नाही. आनुवंशिकतेवर त्यांनी बेटसनसारख्या त्या विषयातल्याच शास्त्रज्ञाला साक्षीला बोलावले आहे. आणि मुख्य म्हणजे, निरनिराळ्या वंशांचे रक्त आणि संस्कृती एकमेकांत मिसळून गेल्यानंतर पुष्कळ काळाने जात आली, हे त्यांनी तिथेच सांगून ठेवले.

पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात त्यांनी रिस्लेच्या पट्टीनेच रिस्लेला मोजले. डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले होते की नाकाचा आणि सामाजिक पायरीचा मेळ बसतो तो उत्तर हिंदुस्थानातील एका प्रांतापुरता; महाराष्ट्रात तो बसत नाही. बाबासाहेबांनी हे आकडे घेतले आणि निष्कर्ष काढला: मोजमापशास्त्र खरे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. एकाला आर्य म्हणाल तर दुसऱ्यालाही आर्य म्हणावे लागेल. यात 'असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांनी आकड्यांवर श्रद्धा ठेवली नाही; विरोधकाचे हत्यार त्याच्याच हातात निकामी केले.

इरावती कर्व्यांचे उदाहरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हे फिशर पुढे नाझी राजवटीच्या सेवेत गेले. युरोपीय माणसाच्या कवटीत डाव्या-उजव्या बाजूंचा जो असमतोल असतो तो इतर वंशांत तसा नसतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, अशी त्यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून असा कोणताही भेद दिसत नाही असे गुरूच्या तोंडावर लिहून दिले. त्या काळी, त्या संस्थेत, एका हिंदी स्त्रीने हे केले याचा मान त्यांना दिलाच पाहिजे. परंतु त्यांतल्या कित्येक कवट्या वसाहतींतल्या माणसांच्या होत्या, त्यांना कोणी विचारले नव्हते, ही गोष्टही लपवता येत नाही. पुण्यात परतल्यावर त्यांनी मोजमाप सोडले नाही. महाराष्ट्रातील जातीजातींची डोकी आणि नाके त्या मोजत राहिल्या. त्यातून निघाले ते असे की, एकाच 'ब्राह्मण' नावाखालचे गट शरीराने एकमेकांपासून भिन्न आहेत. एका जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या नाहीत, वेगवेगळे गट एका नावाखाली गोळा झाले, अशी त्यांची मांडणी १९६१ च्या पुस्तकात आहे. ही मांडणी वंशशुद्धीच्या कल्पनेला सुरुंग लावते, हे खरे. परंतु तीत जात ही गोधडीसारखी दिसते, शेजारी शेजारी शिवलेल्या तुकड्यांची. काही तुकडे पायाखालीच का आले, याचे उत्तर त्या गोधडीत मिळत नाही. मोजपट्टीने वंशाचे खंडन होते. शोषण मात्र मोजपट्टीला दिसत नाही.

मी दापोड्यात राहून हे लिहितो आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ आणि आमचे दापोडे या पट्ट्यात जिथे भाताची खाचरे होती तिथे आज गोदामे आहेत. मुंबईची जकात चुकवण्यासाठी माल शहराबाहेर ठेवला जाऊ लागला. २०१७ साली जीएसटी आला आणि जकात गेली, गोदामे मात्र वाढतच गेली. सगळे याला विकास म्हणतात. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात गोदामात गोण्या आणि खोकी चढवणारा एक तरुण मला म्हणाला, "सर, ज्यांच्यात दम होता ते वर गेले. निसर्गाचा नियमच आहे तो." हे स्पेन्सरचे वाक्य आहे हे त्याला ठाऊक नव्हते. ज्याच्या नावावर सातबारा होता तो भाडे खातो आणि ज्याच्या आजोबाच्या नावावर काहीच नव्हते तो खोके उचलतो. यात दमाचा प्रश्न येतो कुठे? परंतु शिडी डोक्यात बसली की सातबारा दिसत नाही, दमच दिसतो.

याच तालुक्यात कातकरी आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्यापासून रान सरकारच्या ताब्यात जात राहिले, खैर परका झाला, आणि धंदा गमावलेली ही माणसे पुढे कोळशाच्या भट्टीवर आणि वीटभट्टीवर उचल घेऊन राबू लागली. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात केंद्र सरकारने काही जमातींना 'आदिम' ठरवण्यास सुरुवात केली. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती त्यात आल्या. त्यासाठीची एक कसोटी होती शेतीपूर्व अवस्थेतले तंत्र. ही मॉर्गनची पायरी आहे. ज्यांच्या हातातून धंदा काढून घेतला त्यांना धंद्याच्या आधीच्या काळातले ठरवायचे, हा न्याय अजब आहे. २००६ साली 'आदिम' शब्द वगळून 'विशेष असुरक्षित' असे नाव दिले गेले. शब्द बरा आहे. सवलती मिळाल्याच पाहिजेत, याविषयी वाद नाही. परंतु 'मागास' हा शब्दसुद्धा आपण रोज किती सहज वापरतो! मागे राहिलेला आणि मागे ठेवलेला यांत फरक आहे, आणि तो फरक हा शब्द पुसून टाकतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त मत्स्य-कच्छ-वराह या अवतारांची जी चिरफाड केली ती आर्यांच्या स्वाऱ्यांचा इतिहास म्हणून केली. पुढे थिऑसॉफिस्ट आणि सुधारक मंडळी त्याच अवतारांत उत्क्रांतीच्या पायऱ्या शोधू लागली. जोतीराव त्या फंदात पडले नाहीत. त्यांचा विषय जमीन, विद्या आणि सत्ता कोणी लुबाडली हा होता. परंतु आज 'मूलनिवासी' मांडणीत बोलले जाते ते रक्ताविषयी. बामशाद आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा जनुकीय निबंध त्यासाठी वारंवार पुढे केला जातो: वरच्या जाती युरोपीयांना अधिक जवळच्या. हा निबंध विशाखापट्टणमच्या परिसरातील तेलुगू जातींवर होता. त्यानंतर मुरजानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली भारतीय उपखंडातील ७३ गट तपासले. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथे सर्वदूर मिश्रण झाले, भिल्लांसारख्या गटांतही झाले, आणि मग ते थांबत गेले. मिश्रण आधी, भिंत नंतर. बाबासाहेबांनी १९३६ साली हाच क्रम सांगितला होता. आपली माणसे त्यांचा फोटो लावतात आणि प्रतिपादन मात्र रिस्लेचे करतात, याचे मला दुःख होते. वरच्या जातीचे रक्त परके म्हणून दोषी, असे एकदा मान्य केले की रक्तावरून माणूस ठरतो हेही मान्य केले. मग उद्या कोणी रक्तावरूनच गुणवत्ता सांगू लागला तर त्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

पालीत 'जाति' हा शब्द वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या प्रकारांनाही लागतो. मराठीतही आंब्याची जात असते. वासेट्ठ सुत्तात बुद्धांनी हाच धागा धरला आहे: गवत, किडे, मासे, पक्षी यांना जातीची खूण शरीरावर असते, माणसांत तशी खूण सापडत नाही. डार्विनच्या झाडाशी याचे भांडण नाही. भांडण आहे ते स्पेन्सरशी, आणि ते बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उघड केले. जगण्याच्या झगड्यात जो टिकतो तो बलवान असेल. तोच उत्तम कशावरून? दुबळ्याला संरक्षण दिले तर समाजाच्या हिताला शेवटी तोच उपकारक ठरणार नाही काय? हा प्रश्न जीवशास्त्राचा नसून समाजाने काय ठरवायचे याचा आहे, आणि आरक्षणावरील चर्चेत आपण तो विचारायला विसरतो. आपण आपली गुणवत्ता सिद्ध करत बसतो.

२०२३ साली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधपत्रकावर सह्या केल्या. आपल्या शिक्षकांनी त्या मागणीमागे उभे राहिलेच पाहिजे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात २०१८ पासून 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. तो शिकवताना तासाची पाच मिनिटे राखून रिस्लेने नाक कसे मोजले आणि १९४८ साली त्याला उत्तर काय मिळाले हे वर्गात सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.