परमुलखातले ताट
मराठी प्रवासवर्णनांतील अन्न आणि अनोळखी माणसे

मी परदेशी गेलेलो नाही. माझे परदेश जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांत आहेत. तीस-पस्तीस वर्षे मी मराठी प्रवासवर्णने वाचतो आहे, टिपणे काढतो आहे. मात्र एका परदेशी माणसाच्या प्रवासात मी एकदा पात्र म्हणून होतो. या लेखाचे मूळ तिथे आहे, म्हणून आधी ते सांगतो.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. लोणारजवळच्या एका खेड्यात माझ्या मामाच्या शेतात रोडग्यांचे जेवण होते. आमच्या वऱ्हाडात नवस फेडायचा तर असे जेवण करतात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप. सरोवर पाहून परतणारा एक गोरा तरुण पाठीवर पिशवी घेऊन वाटेने चालला होता. मामांनी त्याला हाक मारली आणि पंगतीत बसवले. तो रोडगा सफरचंदासारखा चावायला निघाला, तेव्हा मामांनीच तो फोडला, कुस्करला आणि त्यावर तूप ओतले. तो पोटभर जेवला. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतले. सगळे आनंदात होते.

त्याला वाट दाखवायला गावातलाच एक माणूस सोबत आला होता. तो बांधावर बसून राहिला. त्याला पंगतीत कुणी बोलावले नाही आणि तोही आला नाही. का, ते सगळ्यांना माहीत होते. गोऱ्या तरुणाने मला विचारले, "तो जेवत नाही का?" तिथे इंग्रजी येणारा मी एकटाच. मी सांगितले, "त्याचे जेवण झाले आहे."

त्या तरुणाने रात्री वहीत काही लिहिले असेल, तर इथले लोक फार अगत्यशील आहेत, असेच लिहिले असेल. त्यात त्याची चूक नव्हती. चूक दुभाष्याची होती.

तेव्हापासून कोणत्याही प्रवासवर्णनात 'तिथल्या लोकांनी आग्रहाने जेवू घातले' असे आले की मी थबकतो. कोणी जेवू घातले? जेवणाऱ्याला ते घेता आले का? आणि बांधावर कोण बसले होते? या तीन प्रश्नांनी आपली काही ठळक परदेशवर्णने वाचून पाहावीत, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

न जेवताही जुळलेले नाते

आज परदेश प्रवासाबद्दल बोलताना एक गोष्ट गृहीत धरली जाते. तिथले खाल्ले की तिथली माणसे कळतात. आपल्या परंपरेचा आरंभ मात्र याच्या नेमका उलट आहे.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी जाहीर केले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. हा शब्द देवघरापेक्षा स्वयंपाकघरात पाळणे अधिक अवघड होते. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कडाक्याची थंडी, अभ्यासाचे ओझे आणि स्वतःच्या अन्नाची सोय, ही तिन्ही ओझी त्यांनी वाहिली. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना न्यू जर्सीतल्या रोझेल गावी स्वतःच्या घरी ठेवून घेतले, त्या पूर्णपणे परक्या होत्या. गोपाळराव जोशांचे एक पत्र मिशनऱ्यांच्या नियतकालिकात छापले गेले होते. ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले. ओळख एवढीच. आनंदीबाईंनी त्यांना मावशी मानले. त्या घरच्या ताटातले सगळे आनंदीबाईंना चालणारे नव्हते, तरी नाते जुळले. उलट आनंदीबाईंनी तिथल्या बायकांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून घातला. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे ठेवल्या गेल्या.

म्हणजे अन्न हा ओळखीचा एकमेव दरवाजा नाही. 'हे मला चालत नाही' असे पाहुण्याने सांगावे आणि यजमानाने मन मोठे करून ते ऐकावे, हाही आतिथ्याचाच प्रकार आहे. तो निभावणे सोपे नसते, हे पंडिता रमाबाईंच्या अनुभवावरून दिसते. त्याही १८८३ सालीच इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. त्यांच्या खाण्यापिण्याच्या या नेमात मठातल्या हितचिंतकांना जातीचा उरलेला अभिमान दिसला आणि रमाबाईंनी पत्रांतून त्यांना उत्तर दिले. ही पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने आली. प्रेमाने वाढणाऱ्या यजमानाला पाहुण्याचा नकार किती बोचतो आणि पाहुण्याला आपल्या 'नाही'साठी किती झगडावे लागते, हे त्यांत दिसते.

याची दुसरी बाजूही विसरू नये. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळी एका सभेला गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. ती बातमी बाहेर फोडणारे गोपाळराव जोशीच. एवढ्यावरून ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. एका गावातल्या एका चहावरून ही स्थिती, तर समुद्र ओलांडून तीन वर्षे राहिलेल्या मुलीच्या प्रत्येक घासावर किती डोळे असतील, याचा अंदाज येतो.

रमाबाईंची नजर

रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला म्हणून अमेरिकेत गेल्या आणि १८८८ पर्यंत तो देश फिरल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक १८८९ साली निघाले. परदेशावरच्या मराठी पुस्तकांत मी त्याला फार वरची जागा देतो. तिथली घरे, शाळा, धर्मसंस्था, बायकांच्या संघटना यांचे वर्णन त्यात आहे आणि कौतुकाला हात आखडलेला नाही. अमेरिकेने त्यांना भरभरून दिले होते. तिथल्याच मदतीवर त्यांचे मुंबईतले शारदा सदन १८८९ मध्ये उभे राहिले.

तरीही त्यांनी आपल्या यजमानांचा बांध पाहिला. मूळच्या रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय, गुलामगिरी, ती संपल्यावरही काळ्या माणसांच्या वाट्याला येणारी तुच्छता, हे सगळे त्या पुस्तकात आहे. ज्या घरी जेवलो त्या घराबद्दल फक्त चांगले बोलावे, असा आपला संस्कार आहे. रमाबाईंनी घरच्या माणसांचे उपकार मानले आणि घराबाहेर ठेवलेल्यांची नोंदही केली. त्यांनी स्वतः काय खाल्ले, हे मात्र पुस्तकात फारसे येत नाही. त्यांना कोण उपाशी आहे, हे अधिक महत्त्वाचे वाटले.

चवीला मोकळीक

परमुलखातले जेवण ही आनंदाची गोष्ट आहे, असे मराठी वाचकाला मोकळेपणाने सांगण्याचे श्रेय पु. ल. देशपांडे यांच्याकडे जाते. 'अपूर्वाई' १९६० साली आली, पाठोपाठ १९६३ साली 'पूर्वरंग' आणि १९७४ साली 'जावे त्यांच्या देशा'. ज्या माणसाने 'माझे खाद्यजीवन' लिहिले, त्याच्याबरोबर प्रवासाला निघणे म्हणजे जिभेनेही निघणे. सत्तर-ऐंशी वर्षे परदेशातल्या अन्नाभोवती जी भीती साचली होती, ती पुलंनी हसण्यावारी नेली. हे छोटे काम नव्हे. शास्त्रार्थाने जे झाले नसते, ते विनोदाने झाले.

याची मर्यादाही सांगायला हवी. या पुस्तकांतला प्रवासी हा पांढरपेशा मराठी घराचा प्रतिनिधी आहे. त्याची फजिती, त्याचे अवघडणे, त्याला येणारी घरची आठवण, हा विनोदाचा कणा आहे. त्यामुळे भेटणारी माणसे पुष्कळदा त्या घराच्या खिडकीतून दिसतात. ती लोभस आहेत, लक्षात राहणारी आहेत, पण प्रकाश प्रवाशावर असतो. पुढे पुलंची नक्कल करणाऱ्यांनी नेमके हेच उचलले. दिवाळी अंकांत दरवर्षी येणाऱ्या कितीतरी प्रवासलेखांत तिखट नसलेल्या भाजीची तक्रार असते, हरवलेल्या बॅगेची गंमत असते, आणि ज्याने वाट दाखवली त्याचे नावही नसते.

मीना प्रभूंनी ही वाट बदलली. लंडनला स्थायिक झालेल्या या डॉक्टर बाई बहुतेक प्रवासांत एकट्या निघाल्या. एकट्या बाईला विचारावे लागते, विश्वास टाकावा लागतो, कुणाच्या तरी घरी टेकावे लागते. 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'तुर्कनामा' या पुस्तकांत अनोळखी माणसांना अधिक जागा मिळते ती या गरजेमुळे, असे मला वाटते. जो प्रवासी सगळी सोय सोबत घेऊन निघतो, त्याला परक्याची गरजच पडत नाही.

इथे सहल कंपन्यांचा विषय निघतो. युरोपात रोज गरम पोळी-भाजी, श्रीखंड-पुरी, कधी पिठले-भात. यावर नाक मुरडण्याची पद्धत आहे. मी मुरडत नाही. आयुष्यभराची पुंजी मोडून पहिल्यांदाच देशाबाहेर पडलेल्या सत्तरीच्या जोडप्याला रात्री वरण-भात मिळाला, तर त्यात हसण्यासारखे काय? आनंदीबाईंना तो मिळाला असता तर बरेच झाले असते. फक्त त्या पोळीची किंमत तिकिटाच्या पलीकडेही असते. त्या रात्री ज्या घराचे, ज्या खानावळीचे दार उघडले असते, ते बंदच राहते.

पाणी आणि परदेश

आतापर्यंतच्या सगळ्या लेखकांत एक गोष्ट समान आहे. परक्याचे अन्न घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ज्यांच्या हातचे गावात कुणी घेत नव्हते, त्यांच्यापुढे परदेश कसा आला?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या इंग्रजी आत्मकथनाची सुरुवातच एका प्रवासाने होते. साल १९०१. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडीवाला तयार होतो, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या बोलीवर. सोबत भरपूर जेवण बांधून दिलेले असते, पण पाणी कुणी देत नाही आणि पाण्यावाचून जेवता येत नाही. शिदोरी उशाशी ठेवून मुले उपाशी झोपतात. शिदोरीचे असे वर्णन आपल्या एकाही लोकप्रिय प्रवासवर्णनात नाही.

तेच बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे ते याच आत्मकथनात सांगतात. ती परत जागी झाली बडोद्यात, उतरायला जागा शोधताना. म्हणजे परमुलूख ओळखीचा झाला होता आणि परका निघाला तो स्वतःचा देश. प्रवासवर्णनाची आपली नेहमीची दिशाच इथे उलटी होते.

अण्णाभाऊ साठ्यांचा 'माझा रशियाचा प्रवास' याच रांगेत ठेवून वाचावा. वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला, मुंबईपर्यंत पायी आलेला, घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून 'फकिरा' लिहिणारा हा लेखक १९६१ साली सोव्हिएत रशियात गेला. स्टालिनग्राडचा पोवाडा त्याने कितीतरी आधी रचला होता आणि त्याचे लेखन त्याच्याआधी तिथे पोचले होते. ज्याला गावात वेशीबाहेर ठेवले, त्याचे परक्या देशात लेखक म्हणून स्वागत झाले. अण्णाभाऊंच्या राजकीय श्रद्धेमुळे त्या देशातल्या काही गोष्टी त्यांना दिसल्या नाहीत, ही टीका मला मान्य आहे. पण एका टेबलाशी बरोबरीने बसवले जाणे म्हणजे काय, हे ज्याला जन्मभर पंगत होती त्याने त्यांना शिकवू नये.

'अपूर्वाई' आणि 'माझा रशियाचा प्रवास' एकाच काळातली पुस्तके आहेत. आमच्या भागातल्या ग्रंथालयांत पहिल्याच्या प्रती हाताळून खिळखिळ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. दुसरे मला पुष्कळ हिंडल्यावर मिळाले. प्रवासवर्णनाच्या चर्चेत ते क्वचितच येते. येते ते दलित साहित्याच्या यादीत. ही वाटणी आपण मोडली पाहिजे. परदेशातल्या जेवणाचा आनंद हा सगळ्यांचा एकसारखा आनंद नसतो, हे कळण्यासाठी दोन्ही पुस्तके एकाच फळीवर हवीत.

परदेशी जाणाऱ्या तरुणांना मी नेहमी सांगतो, तिथले खा, माणसांना भेटा, लिहून ठेवा. ज्याने जेवू घातले त्याचे नाव लिहा. नाही म्हणावे लागले तर तेही लिहा. आणि जेवून उठण्याआधी एकदा दाराबाहेर पाहा.

लोणारला आता देशोदेशीचे लोक येतात. २०२० साली सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून नाव आणखी पसरले. मामा राहिले नाहीत. बांधावर बसलेला तो माणूस मात्र परवापर्यंत मला बाजारात भेटत असे. आम्ही पुष्कळदा एकत्र चहा घेतला. त्या दुपारबद्दल त्याने कधी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण मी काय उत्तर दिले ते त्याला तेव्हाच कळले असणार.