कागदावरचा अभ्यासक्रम आणि वर्गातला

बेलव्ह्यूत चार मराठी कुटुंबे जेवायला जमली की ताकभातापर्यंत येता येता मुलांच्या शाळांचा विषय निघतोच. इंटरलेकचे आयबी चांगले की न्यूपोर्टचे एपी? जणू अभ्यासक्रमाचे नाव कळले की मुलाला काय शिकवतात तेही कळले!

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एलियट आयस्नर यांनी १९७९ साली याहून उपयोगी वर्गवारी मांडली. शाळा एकाच वेळी तीन अभ्यासक्रम शिकवते: उघड, छुपा आणि वगळलेला. उघड तो कागदावरचा. छुपा म्हणजे रांग, घंटा, स्पर्धा यांतून नकळत अंगवळणी पडणारा. आणि जे शिकवलेच जात नाही तोही अभ्यासक्रमच. ते महत्त्वाचे नाही, एवढे मूल त्यातून शिकते. (आपल्या मुलांपुरती मराठी त्याच खात्यात जमा आहे.)

ही वर्गवारी मला मात्र थोडी अपुरी वाटते. कागदावरचा अभ्यासक्रम आणि शिक्षक प्रत्यक्ष शिकवतो तो, यांतले अंतर तिच्यात ठळक होत नाही. बेलव्ह्यूत ते चव्हाट्यावर आले. १९९६ ते २००७ या काळातले इथले शिक्षणप्रमुख माइक रायली यांनी सर्व शाळांसाठी समान अभ्यासक्रम आणला. हेतू उत्तम होता: एपी-आयबीची दारे मोजक्या हुशारांनाच नव्हे, सगळ्यांना उघडावीत. बालभारतीवर वाढलेल्या आपल्याला यात वावगे वाटायचे कारण नव्हते; सावंतवाडीत जे पुस्तक, तेच गोंदियात. पण तास कसा रंगवायचा हे तिथे बव्हंशी गुरुजींच्या हातात असे. इथे रोजचे पाठच संगणकावर तयार मिळू लागले. सप्टेंबर २००८ मध्ये शिक्षक सुमारे दोन आठवडे संपावर गेले, ते पगार आणि आरोग्यविम्यासाठी जसे, तसेच पाठात बदल करण्याच्या मुभेसाठीही. करारात ती बऱ्याच अंशी मिळाली.

रायलींचा हेतू मला पटतो, तयार पाठांची सक्ती पटत नाही. निम्मा वर्ग अपूर्णांकांत अडकला असेल तर उद्याचा पाठ परवावर ढकलायचा अधिकार शिक्षकाला हवाच.

गेल्या करिक्युलम नाइटला आयबी-एपीबद्दल न विचारता मी शिक्षिकेला विचारले, "यंदा तुम्ही काय गाळणार आहात?" बाई क्षणभर थांबल्या, आणि मग घंटा होईपर्यंत त्यावरच बोलत राहिल्या.