‘बनगरवाडी’ : पाहणारा मास्तर आणि दिसणारा मास्तर

कादंबरीवर आधारलेला चित्रपट मूळ संहितेशी कितपत एकनिष्ठ राहिला, एवढ्यावरच त्याचा निवाडा करण्याची रूढी मराठी समीक्षेत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ची, अमोल पालेकरांचा चित्रपट १९९५चा. दोहोंतील प्रसंगांची जुळणी करीत बसल्यास हाती फारसे काही लागत नाही. खरा बदल निवेदकाच्या स्थानात आहे.

औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर कादंबरीत ‘मी’ म्हणून बोलतो. तो पाहतो, ऐकतो, स्वतः मात्र जवळजवळ अदृश्य राहतो. कारभारी, अंजी, आनंदा रामोशी ही माणसे वाचकाला भेटतात ती त्याच्या मितभाषी नजरेतून. चित्रपटात ही नजर कॅमेऱ्याकडे जाते आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी साकारलेला मास्तर पाहणारा न राहता दिसणारा होतो. वाडीकरांच्या घोळक्यात त्याचे परकेपण उठून दिसते. परिणामी तालमीची उभारणी, जी कादंबरीत वाडीची हकिकत आहे, ती पडद्यावर त्याच्या कर्तृत्वाची कथा होऊ पाहते. हा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारता येणार नाही. माध्यमच ‘मी’ला चेहरा द्यायला लावते.

दुष्काळाच्या भागात मात्र पारडे फिरते. माडगूळकरांच्या आखूड वाक्यांतून माणसे वाडी सोडत राहतात, ओसाडी हळूहळू साचते. पडद्यावर तोच माळ एका दृष्टिक्षेपात समोर येतो आणि त्याच्या विस्तारात मास्तर पुन्हा नगण्य होतो. कादंबरीने त्याला दिलेली जागा चित्रपटाला इथे, शब्दांवाचून, सापडते.