श्चेर्बांचं ‘कदाचित’

व्याकरणावरचा लेख चवीनं वाचावा, असं क्वचितच घडतं. रशियन भाषाशास्त्रज्ञ लेव व्लादिमिरोविच श्चेर्बा यांचा रशियन शब्दजातींवरचा 1928 सालचा निबंध मात्र त्यातला आहे. रशियन शब्दांचं वर्गीकरण करायला बसलेला हा माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो, की वर्ग पाडणं हे आपलं काम नव्हे. भाषेनं ते आधीच पाडलेत. ते कुठे आहेत एवढंच आपण पाहायचं.

भाषाशास्त्रज्ञ फोर्तुनातोव यांच्या मॉस्कोतल्या परंपरेत शब्द कसा चालतो यावर त्याची जात ठरे. प्रत्ययांनी लगडलेल्या रशियनला हे सोयीचं, पण पुरेसं नाही. ‘स्तलोवाया’ म्हणजे खाणावळ. शब्द चालतो विशेषणासारखा, आहे नाम. भूतकाळी क्रियापद तर पुरुष सोडून लिंगाप्रमाणे बदलतं! श्चेर्बा गाडी उलटी फिरवतात: ‘टेबल’, ‘अस्वल’ हे शब्द विभक्तीत चालतात म्हणून नामं ठरत नाहीत, ती नामं आहेत म्हणून आपण ती चालवतो. लगेच ते काकाकुवा पुढे करतात. रशियनमध्ये त्याला एकही विभक्तिप्रत्यय लागत नाही. पण हे पक्ष्याचं नाव आहे एवढं कळल्यावर प्रत्यय शोधत कोण बसतो? निबंधातली ही सगळ्यात मिश्किल जागा.

खरी मौज पुढे, ‘खोलद्नो’सारख्या शब्दांपाशी. ‘त्यानं थंडपणे उत्तर दिलं’ यात हा शब्द सरळ क्रियाविशेषण. ‘समुद्र थंड आहे’ यात हेच विशेषणाचं आखूड, फक्त विधेयात येणारं रूप. पण ‘म्न्ये खोलद्नो’, म्हणजे ‘मला थंडी वाजतेय’ असं म्हटलं की पंचाईत. क्रियापद नाही, मग क्रियाविशेषण कशाचं? नाम नाही, मग विशेषण कुणाचं? कर्ता शोधावा तर तोही नाही. आहे ती चतुर्थी, आणि ती आपल्याला चांगलीच ओळखीची. शेजारी ‘नेल्झ्या’ (करायचं नाही), ‘झाल’ (वाईट वाटतं) आणि ‘पारा’ (वेळ झाली). ‘पारा’ एरवी साधं स्त्रीलिंगी नाम. इथं मात्र नामपण टाकून बसलेलं.

श्चेर्बा म्हणतात, कदाचित हा स्थिती दाखवणारा वेगळाच वर्ग असेल. त्या ‘कदाचित’वर मी फिदा आहे. एकच शब्द एकाच वेळी दोन वर्गांत असू शकतो, एखादा कुठेच बसत नाही, हेही ते बिनदिक्कत मान्य करतात. पुढे 1947 मध्ये भाषाशास्त्रज्ञ विनोग्रादोव यांनी ‘कदाचित’ काढून टाकून या वर्गाला स्वतंत्र शब्दजातीचा मान दिला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या 1980 च्या व्याकरणानं दहा शब्दजाती मोजल्या आणि ही मंडळी परत क्रियाविशेषणांत नेऊन बसवली. दोन्ही निर्णय मला जरा घाईचे वाटतात.

श्चेर्बांच्या उदाहरणांत ‘झामुझेम’ही आहे. मूळ अर्थ ‘नवऱ्यामागे’. वापर फक्त लग्न झालेल्या बाईसाठी. पुरुष मात्र ‘झेनात’, म्हणजे आखूड विशेषण. लग्न एकच, पण रूपं पाहणारा व्याकरणकार नवऱ्याला विशेषणांत धाडणार आणि बायकोला क्रियाविशेषणांत. श्चेर्बांनी ‘आजारी’, ‘तयार’, ‘खूश’ ही आखूड विशेषणंही स्थितीच्याच वर्गात ओढली आहेत. त्या हिशेबानं निदान त्यांच्याकडे तरी हे जोडपं एका छपराखाली राहतं.