उपचार चालू असताना काम : दोन पुस्तके आणि एक पत्र

कॅन्सरमधून गेलेल्या माणसांची आत्मकथने मराठी वाचकाला आता नवी राहिलेली नाहीत. दिवाळी अंकांतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून ती येतात आणि मनापासून वाचलीही जातात. मात्र ती वाचताना एक गोष्ट आम्हांला सतत खटकत आली आहे. त्यांत इस्पितळ असते, घर असते, देव किंवा अल्लाह असतो, डॉक्टरांचे आभार असतात. कामाचे ठिकाण मात्र नसते. माणसाचे ऑफिस, त्याची शाळा, त्याचे दुकान पहिल्याच प्रकरणात मागे पडते आणि शेवटी 'मी पुन्हा कामाला लागलो' एवढ्या एका वाक्यात परत येते. मधले सहा-आठ महिने पगार चालू होता का, साहेबाला काय सांगितले, दुकानावर कोण बसले, याचा पत्ता लागत नाही.

प्रत्यक्षात उपचार घेता घेता काम करणारी माणसे असंख्य आहेत. बऱ्याच जणांना दर तीन आठवड्यांनी केमो असते. पहिले काही दिवस अंथरुणात जातात, मग पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून गर्दी टाळायची, आणि तिसऱ्या आठवड्यात जरा उभारी येते न येते तोच पुढची तारीख येते. त्या तिसऱ्या आठवड्याच्या हिशेबाने रजा टाकणारे कारकून आहेत, शिकवण्या घेणारे मास्तर आहेत. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला कित्येक जण 'शेक' म्हणतात, आठवड्याचे पाच दिवस चालते; सकाळी शेक घेऊन दुपारी गल्ल्यावर बसणारे दुकानदारही आहेत. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झाले. त्यानंतर मराठी माणसाच्या कितीतरी पिढ्या त्या फाटकातून आत-बाहेर झाल्या. तरी आजारातला हा कामाचा दिवस आमच्या वाचनातल्या मराठी गद्यात फार थोडा आला आहे.

तो दिवस मध्यभागी ठेवणारी दोन पुस्तके अमेरिकेत लिहिली गेली. पॉल कलानिधी यांचे 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' आणि ऑड्री लॉर्ड यांचे 'द कॅन्सर जर्नल्स'. दोघांचे जग एकमेकांपासून दूर आहे आणि आपल्यापासून त्याहून दूर. तरीही ती इथल्या लिहित्या माणसाने वाचावीत असे आम्हांला वाटते; त्यातले पहिले काहीशा सावधपणे.

कलानिधी हे भारतीय वंशाचे मेंदूशल्यविशारद. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतलेले. मे २०१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना चौथ्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचे कळले. स्टॅनफर्डमधले त्यांचे शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण तेव्हा संपत आले होते. ९ मार्च २०१५ रोजी ते गेले आणि पुस्तक जानेवारी २०१६ मध्ये, पत्नी लूसी यांच्या उपसंहारासह, प्रसिद्ध झाले.

या पुस्तकातला सर्वांत मोलाचा प्रसंग आमच्या मते मृत्यूचा नाही, पहिल्या भेटीचा आहे. किती दिवस उरले, आकडे काय सांगतात, हे कलानिधींना हवे असते. त्यांची डॉक्टर ते आकडे बोलायला तयार होत नाही. ती कामाविषयी विचारते. केमोची दोन औषधे समोर आहेत. त्यातले एक, सिस्प्लॅटिन, नसांना इजा करू शकते. हाताच्या नसा गेल्या तर शस्त्रक्रिया करता येणार नाही. म्हणून ती दुसरे, कार्बोप्लॅटिन, सुचवते. कलानिधी म्हणतात, हातांची मला तेवढी फिकीर नाही, मी दुसरे काहीतरी काम करीन. पण डॉक्टरने तो प्रश्न उघडा ठेवलेला असतो. पुढे तपासणीत निघालेल्या जनुकीय बदलामुळे केमोच्या आधी रोजच्या गोळीवर भागते, प्रकृती सुधारते, आणि ते खरोखरच शस्त्रक्रियागृहात परत जातात. माणसाचे हात काय काम करतात हे विचारून त्याचे औषध ठरवायचे, ही गोष्ट आम्हांला साऱ्या पुस्तकातल्या तत्त्वचिंतनाहून मोठी वाटते.

परतल्यानंतरची पानेही प्रामाणिक आहेत. पहिल्याच शस्त्रक्रियेत त्यांना घेरी येते आणि सहायकावर काम सोपवून बाहेर पडावे लागते. हळूहळू हात बसतो, पूर्ण वेळ काम सुरू होते. आणि तिथेच ते कबूल करतात की आनंद उरलेला नाही. मळमळ, दुखणे, थकवा यांवर मात करण्यातच सगळा जीव खर्ची पडतो. 'कामाने मला जगवले' असे उठसूट लिहिणाऱ्यांनी ही कबुली वाचायला हवी. काम चालू ठेवणे आणि कामात रस उरणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या सरळपणे लिहिलेले आम्ही फारसे वाचलेले नाही. पुढे २०१४ मध्ये नवी गाठ दिसते, शस्त्रक्रिया कायमच्या थांबतात. प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या समारंभाच्या दिवशी ओकाऱ्या सुरू होऊन त्यांना इस्पितळात जावे लागते.

मग उरते लेखनाचे काम. लूसी यांच्या उपसंहारात एक तपशील आहे. केमोने बोटांच्या टोकांना भेगा पडल्या, तेव्हा लॅपटॉपवर चालतील असे चांदीच्या अस्तराचे बिनशिवणीचे हातमोजे शोधून आणले गेले. शिरेतून औषध चालू असताना संपादकाशी फोनवर बोलणेही चालू होते. आमच्या दृष्टीने पुस्तकाचा खरा शेवट तोच.

मात्र पुस्तकात एक मोठी पोकळी आहे. पैशाचा हिशेब त्यात जवळजवळ नाही. दोघे डॉक्टर, विभागप्रमुख पाठीशी, जागा राखून ठेवलेली. 'परत जायचे की नाही' हा कलानिधींच्या पुढचा प्रश्न जीवनाच्या अर्थाचा आहे. भाडे थकलेल्या माणसापुढचा प्रश्न तो नसतो. लेखकाने दुसऱ्याचे आयुष्य लिहावे अशी सक्ती आम्ही करणार नाही. पण जगभर लाखो वाचकांनी उचललेल्या या पुस्तकामुळे 'आजारात काम' म्हणजे आत्मशोध अशी एक सवय पडू लागली आहे, आणि ती आम्हांला धोक्याची वाटते.

लॉर्ड यांचे पुस्तक पस्तीसेक वर्षे आधीचे, १९८० चे. अंगाने बारीक आणि पुष्कळ जास्त धारदार. त्या कृष्णवर्णीय कवयित्री, प्राध्यापिका, दोन मुलांची आई, आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री. यांतली एकही ओळख त्यांना लपवायची नव्हती. १९७८ मध्ये त्यांचा उजवा स्तन काढला गेला. इस्पितळात असतानाच एक स्वयंसेविका लोकरीचा कृत्रिम स्तन घेऊन आली. हेतू चांगलाच होता. पण त्याचा रंग लॉर्ड यांच्या कातडीचा नव्हता, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. दहा-बारा दिवसांनी त्या टाके काढायला डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा तिथल्या नर्सने विचारले की ते घातले का नाही. तुम्ही अशा आलात तर इथल्या इतरांचे मनोधैर्य खचते. या एका वाक्यावर लॉर्ड यांनी अख्खे प्रकरण उभे केले आहे. इस्रायलचे मंत्री मोशे दायान डोळ्यावर पट्टी बांधून वावरत. त्यांना काचेचा डोळा बसवा, लोकांचा धीर सुटतो, असे कोणी म्हटले नाही, याची आठवण त्या देतात. (पॅलेस्टाइनची बाजू घेणाऱ्या आमच्या वाचकाला हे उदाहरण टोचेल. पण ते अचूक आहे.)

इथे काम करण्याचा मुद्दा वेगळ्याच बाजूने येतो. काम करावे की करू नये हा लॉर्ड यांचा प्रश्नच नाही. त्या शिकवणारच होत्या, लिहिणारच होत्या. प्रश्न हा की कामावर परत कोण येते? आजार झालाच नाही असे दाखवणारी बाई येते, की आजार झालेली बाई येते? टोप, कृत्रिम स्तन, 'काही झाले नाही हो' हे हसू, या सगळ्यांतून सहकाऱ्यांची सोय होते. आजारी माणसाने दुसऱ्यांना अस्वस्थ न करता काम करावे, ही न लिहिलेली अट आहे. आपल्याकडे ती कमी कडक नाही. डोक्यावरचे केस गेलेली शिक्षिका वर्गात जाते तेव्हा तिला ओढणी किंवा पदर आयता सापडतो, आणि साऱ्या शाळेला हायसे वाटते. तिला काय वाटते हे कोणी विचारत नाही.

१९८४ मध्ये लॉर्ड यांच्या यकृतात गाठ दिसली. त्यानंतरच्या नोंदी 'अ बर्स्ट ऑफ लाइट' या १९८८ च्या पुस्तकात आहेत. बायॉप्सी नाकारून त्या ठरल्याप्रमाणे बर्लिनला शिकवायला गेल्या आणि १९९२ पर्यंत जगल्या, लिहीत राहिल्या. त्यांचा वैद्यकीय निर्णय कोणी गिरवू नये, हे इथे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. आम्ही बोलतो आहोत ते गद्याबद्दल. त्या गद्यात व्याख्यान, विमानप्रवास, पोटातले दुखणे आणि जगातली बातमी एकाच दिवसाच्या नोंदीत शेजारी बसतात. आजाराला वेगळे दालन दिलेले नाही. मराठी आत्मकथनकारांनी घ्यावी ती गोष्ट ही.

सुझन सॉण्टॅग यांचा उल्लेख टाळता येत नाही. १९७५ मध्ये स्वतःला कॅन्सर झाल्यावर त्यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' लिहिले (१९७८) आणि त्यात स्वतःबद्दल अक्षरही घातले नाही. आजाराला युद्धाची भाषा लावू नका, हा त्यांचा आग्रह. आपल्या वर्तमानपत्रांनी तो अजून ऐकलेला नाही. कोणी गेले की मथळा ठरलेला : 'कर्करोगाशी झुंज अपयशी'. म्हणजे मेलेला माणूस वर हरलाही. आणि याच भाषेत काम चालू ठेवणे हा झुंजीचा पुरावा होतो. जो शेवटपर्यंत ऑफिसात आला तो शूर. जिला तिसऱ्या केमोनंतर उठून बसवेना, ती काय मग भित्री? थकवा हा औषधाचा आणि आजाराचा परिणाम आहे, स्वभावाचा दोष नव्हे, एवढे साधे भानही कौतुकाच्या लेखांत राहत नाही.

इरफान खान यांच्या पत्राकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. मार्च २०१८ मध्ये त्यांनी आपला आजार, न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, जाहीर केला आणि लंडनला उपचारांसाठी गेले. जूनमध्ये त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. वेगाने धावणाऱ्या गाडीत आपण स्वप्ने, बेत घेऊन बसलो आहोत आणि टीसी खांद्यावर हात ठेवून म्हणतो, तुमचे स्टेशन आले, उतरा. ही प्रतिमा घरोघर पोहोचली. आमच्या मोहल्ल्यात ज्यांनी कधी पत्रसाहित्य वाचले नाही त्यांनीही ते मोबाईलवर एकमेकांना पाठवले. पत्र सुंदर आहे, युद्धाची भाषा त्यात नाही, शरणागतीची आहे. पण अभिनय, त्यांचे काम, त्यातून जवळजवळ गायब आहे. ते काम दिसते 'अंग्रेज़ी मीडियम'मध्ये. उपचारांतून उसंत मिळताच २०१९ मध्ये उदयपूर आणि लंडन येथे त्याचे चित्रीकरण झाले. मार्च २०२० मध्ये तो पडद्यावर आला आणि लगेच करोनामुळे चित्रपटगृहे बंद झाली. २५ एप्रिलला जयपुरात त्यांच्या आई गेल्या, २९ एप्रिलला मुंबईत ते स्वतः. चित्रपट म्हणून तो बेताचाच आहे. तरीही मिठाईवाल्या बापाच्या त्या भूमिकेत उतरलेला चेहरा आणि सैल झालेले कपडे पाहताना पत्रात नसलेले सगळे आम्हांला वाचता आले. तिथे आजारी नट निरोगी माणसाचे काम करतो आहे, आणि कॅमेऱ्याला ते पूर्ण लपवता येत नाही.

या तिघांनाही काम सोडण्याची मुभा होती. आमच्या लेखकांच्या आसपास ती फार थोड्यांना आहे. ज्याच्याजवळ ई.एस.आय.चे कार्ड आहे अशा कामगाराला, नोकरीची अट पुरी झाली असेल तर, कॅन्सरसाठी मजुरीच्या ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळण्याची तरतूद आहे. पण भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर कित्येकांचे नाव कुठल्याच रजिस्टरात नसते. मीटरवर मजुरी मिळणाऱ्याला आजारपणाची रजा ही कल्पनाच नाही. त्याने केमोच्या आठवड्यात पाळी भरली तर ती झुंज नव्हे, उधारी आहे. आणि बाईचे काय? घरकामाला काम म्हणत नाहीत, म्हणून त्यातून सुट्टीही नाही. इयादतीला आलेल्या पाहुण्यांसाठी चहा ठेवायला आजारी बाईच उठते, हे दृश्य आमच्या वाचकांपैकी किती जणांनी पाहिले नसेल? मुस्लिम मराठी लेखनाने दंगल लिहिली, तलाक लिहिला, गरिबी लिहिली, ओळखीचा पेच लिहिला. हा चहा लिहिलेला आम्हांला अजून भेटलेला नाही.

तो लिहायला कलानिधींचे तत्त्वज्ञान लागणार नाही, त्यांच्या डॉक्टरचा प्रश्न मात्र लागेल. आपल्या ओपीडीत रांग इतकी लांब असते की तो प्रश्न विचारायला डॉक्टरला उसंत नसते. केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असतो. घरी बसून जरीकाम करणाऱ्या बाईच्या पुढे तिथे 'गृहिणी' असे लिहिले जाते. औषधाने बोटांना मुंग्या येतात, सुई हातातून निसटते, नगामागचे पैसे कापले जातात. पुढच्या तारखेला 'काही त्रास?' असे विचारल्यावर ती 'नाही' म्हणते, कारण सुई धरता न येणे हा दवाखान्यात सांगायचा त्रास आहे असे तिला कोणी सांगितलेले नसते.